लाईट आल्यावर सर्व्हरवर काय काय उठतं? लिनक्समधले रनलेव्हल, टार्गेट आणि ऑटोस्टार्टची भानगड

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन आला. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा सर्व्हर तेव्हा मी सांभाळायचो. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, टेबलाखाली ठेवलेला एक टॉवर पीसी, दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्याच्या डोक्यावर, आत सेंटओएस ६ नावाचं रेडहॅट घराण्यातलं लिनक्स. डिस्पॅचचा पोरगा बोलत होता, "दादा, चलन निघंना झालंय, गाडी भरून दारात उभी हाय." मी विचारलं सर्व्हर चालू आहे का, तर म्हणाला "चालू हाय की, हिरवी लाईट लागलीय." भोसरीत गुरुवारी सुट्टी असते आणि लाईटच्या दुरुस्तीला पण गुरुवारच धरतात, तर आदल्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती, यूपीएसने जमेल तेवढं ओढलं आणि मान टाकली, मग लाईट आल्यावर मशीन आपलं आपण उठलं (बायोसमध्ये ती सेटिंग मीच करून ठेवलेली, त्याचा मला फार अभिमान), पण चलनाचं पान उघडलं की डेटाबेस सापडत नाही असा एरर. घरूनच एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) करून आत गेलो, डेटाबेस हाताने चालू केला, गाडी गेली.

नंतर चहा पिताना लक्षात आलं की हा डेटाबेस आठ महिन्यांपूर्वी मीच असाच हाताने चालू केला होता. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. म्हणजे चूक आठ महिने तिथेच बसून होती आणि सगळं छान चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं, मला धरून.

सर्व्हिस (म्हणजे डेटाबेससारखा मागे सतत चालत राहणारा प्रोग्राम) आत्ता चालू असणं ही एक गोष्ट आणि मशीन उठल्यावर ती आपोआप चालू होणं ही दुसरी, आणि लिनक्समध्ये या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक चालू केली म्हणून दुसरी होत नाही, एक बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे ऑटोस्टार्ट, ही आत जाऊन बघितली तर एका फोल्डरमध्ये ठेवलेली एक लिंक असते, बस. विंडोजच्या शॉर्टकटसारखी. लिंक आहे तर सर्व्हिस उठेल, नाही तर नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या कमांड म्हणजे ती लिंक ठेवायचे आणि उचलायचे वेगवेगळे मार्ग आहेत. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरांतच करायच्या हे सांगायला नको.)

आधी पटकन बूटचा क्रम. बटण दाबलं की बायोस, मग ग्रब (कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्राम), मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. कर्नल हार्डवेअर ओळखतो, डिस्क जोडतो आणि शेवटी एकच प्रोग्राम चालू करतो, ज्याचा प्रोसेस नंबर १ असतो. त्याला इनिट म्हणतात. पुढे जे काही उठतं, एसएसएच, डेटाबेस, वेब सर्व्हर, डेस्कटॉपची स्क्रीन, ते सगळं उठवायचं काम या एक नंबरवाल्याचं. कर्नलला तुमच्या डेटाबेसचं सोयरसुतक नाही.

आता या इनिटला कळणार कसं की आज काय काय उठवायचं? तर त्यासाठी रनलेव्हल. ही कल्पना लिनक्सच्या आधीची, एटी अँड टीच्या युनिक्समधली, १९८३ साली आलेल्या सिस्टिम फाईव्हच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते आणि लिनक्ससाठी तसाच इनिट मिकेल व्हॅन स्मूरेनबर्ग या माणसाने लिहिला. रनलेव्हल म्हणजे मशीनची एक ठरलेली अवस्था, तिला नंबर दिलेला. ० म्हणजे मशीन बंद, ६ म्हणजे रीस्टार्ट, १ म्हणजे दुरुस्तीची अवस्था जिथे फक्त रूट, म्हणजे मशीनचा मालक युजर, आत असतो आणि नेटवर्कबिटवर्क काही नसतं. हे तीन सगळीकडे सारखे. मधले मात्र ज्या त्या घराण्याच्या (रेडहॅट, डेबियन, स्लॅकवेअर हे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच) मर्जीवर. रेडहॅट घराण्यात ३ म्हणजे नेटवर्कसकट सगळं चालू पण काळी स्क्रीन, ५ म्हणजे तेच पण ग्राफिकल लॉगिन, ४ रिकामा ठेवलेला, २ कोणी वापरताना मी पाहिला नाही. डेबियनमध्ये २ ते ५ सगळे सारखेच होते आणि मशीन उठायचं ते २ मध्ये. स्लॅकवेअरमध्ये ग्राफिकल ४ वर. त्याच्यामुळे कुठेतरी वाचलेलं "लेव्हल ३ मध्ये टाक" हे वाक्य आपल्या मशीनला लागू पडेलच असं नाही, आधी आपण कोणाच्या घरात आहोत ते बघायचं.

मशीन कुठल्या लेव्हलला उठणार हे "ईटीसी" फोल्डरमधल्या "इनिटटॅब" नावाच्या फाईलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असायचं, "आयडी:३:इनिटडिफॉल्ट:" असं काहीतरी. तिथे ३ च्या जागी ६ टाकला तर काय होईल? मशीन उठणार, उठल्या उठल्या रीस्टार्ट होणार, परत उठणार, परत रीस्टार्ट. रेडहॅटच्या त्या फाईलमध्येच वर कॉमेंट लिहिलेली असायची की बाबांनो ० आणि ६ इथे टाकू नका. कोणीतरी टाकला असणार त्याशिवाय लिहिलं नसतं.

आणि लेव्हल या शब्दाने एक मोठा घोळ होतो, मला स्वतःला बरेच दिवस होता, की हे जिन्यासारखं आहे, ५ ला जायचं म्हणजे आधी १, मग २, मग ३ असं चढत जायचं. जुन्या पद्धतीत तसं अजिबात नाही. सगळ्यांसाठी समान असं थोडं सुरुवातीचं काम झालं की इनिट थेट ५ च्या फोल्डरमध्ये जातो, ३ च्या फोल्डरकडे बघत पण नाही. म्हणून एखादी सर्व्हिस फक्त ३ मध्ये लावली आणि मशीन ५ मध्ये उठत असेल तर ती उठणार नाही.

आता तो फोल्डर प्रत्यक्षात बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. त्या शुक्रवारी मी भोसरीच्या मशीनवर "आरसी३.डी" फोल्डरमध्ये जाऊन यादी मागितली. तिथे नावं होती एस०८आयपीटेबल्स, एस१०नेटवर्क, एस१२आरसिसलॉग, एस५५एसएसएचडी, एस८५एचटीटीपीडी, एस९०क्रॉनडी, एस९९लोकल. या सगळ्या नुसत्या लिंका. खऱ्या स्क्रिप्ट (सर्व्हिस चालू-बंद करायच्या कमांड लिहिलेल्या फाईली) दुसरीकडे, "इनिट.डी" नावाच्या फोल्डरमध्ये. पहिलं अक्षर एस म्हणजे स्टार्ट. पुढचे दोन आकडे म्हणजे नंबर, लहान नंबर आधी. म्हणजे आधी फायरवॉल, मग नेटवर्क, मग लॉग लिहिणारा, मग एसएसएच, बऱ्याच खाली वेब सर्व्हर. फायरवॉल नेटवर्कच्या आधी का, तर दार उघडायच्या आधी कडी बसवलेली बरी. नंबर नीट वाचले तर कोणीतरी विचार करून ते दिलेत हे कळतं.

आणि त्याच यादीत, वरच्या बाजूला, के३६मायएसक्यूएलडी, म्हणजे आपला डेटाबेस. के म्हणजे किल. या लेव्हलमध्ये शिरताना ही सर्व्हिस चालू असेल तर बंद कर, असा त्याचा अर्थ. बूटच्या वेळी काही चालूच नसतं म्हणून के वाल्या लिंका तेव्हा गपचूप असतात, पण के आहे याचा अर्थ एस नाही आणि एस नाही म्हणजे ही उठणार नाही. आठ महिने ती लिंक तिथे के लावून बसली होती, मी कधी बघितलंच नाही. वेब सर्व्हरला मात्र मी तेव्हा एस लावलेला, म्हणूनच पान उघडत होतं आणि त्यावर एरर दिसत होता. दोन्ही बंद असते तर निदान पोराने सर्व्हर बंद आहे असं तरी सांगितलं असतं.

नंबरांची अजून एक गोष्ट. डेटाबेसचा स्टार्ट नंबर ६४ आणि वेब सर्व्हरचा ८५, म्हणजे आधी डेटाबेस उठतो. बंद करताना वेब सर्व्हरचा के नंबर १५ आणि डेटाबेसचा ३६, म्हणजे आधी वेब सर्व्हर झोपतो. ६४ आणि ३६ ची बेरीज १००, ८५ आणि १५ ची पण १००. जो शेवटी उठला तो आधी झोपणार, हे त्या बेरजेने आपोआप जमतं. सगळ्यांनी हे पाळलेलं नाही पण बऱ्याच स्क्रिप्टमध्ये दिसतं.

या लिंका हाताने केल्या तरी चालतात, पण सात लेव्हल गुणिले तीसचाळीस सर्व्हिस एवढ्या लिंका कोण करत बसणार, म्हणून रेडहॅटमध्ये "चेककॉन्फिग" ही कमांड. हे नाव मुळात सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स नावाच्या युनिक्समधलं, रेडहॅटने ते उचललं. "चेककॉन्फिग डॅश डॅश लिस्ट" म्हटलं की प्रत्येक सर्व्हिस ० ते ६ मध्ये ऑन की ऑफ असं लांबलचक पत्रक येतं. "चेककॉन्फिग मायएसक्यूएलडी ऑन" म्हटलं की २, ३, ४, ५ या चार लेव्हलमध्ये एस लागतो. फक्त ३ आणि ५ मध्येच पाहिजे असेल तर "डॅश डॅश लेव्हल ३५" असं मध्ये घालायचं, हे पस्तीस नाही, तीन आणि पाच. ६४ आणि ३६ हे नंबर त्याला कुठून कळतात? स्क्रिप्टच्या वरच्या कॉमेंटमध्ये "चेककॉन्फिग:" अशी ओळ असते, त्यात लेव्हल, स्टार्ट नंबर, किल नंबर असं लिहिलेलं असतं. दिसायला कॉमेंट आहे म्हणून नवीन पोरं साफसफाई करताना ती ओळ उडवतात आणि मग ही स्क्रिप्ट मला चालत नाही म्हणून चेककॉन्फिग रुसतो.

ज्यांना टायपिंगचा कंटाळा त्यांच्यासाठी "एनटीसिसव्ही" नावाचा निळ्या स्क्रीनचा मेनू होता, स्पेस दाबून चांदणी लावायची. मला तो अजूनही आवडतो.

चेककॉन्फिग ऑन केल्याने सर्व्हिस आत्ता चालू होत नाही. फक्त लिंक होते. आत्ता चालू करायला "सर्व्हिस मायएसक्यूएलडी स्टार्ट" वेगळं. दोन्ही कमांड मारायच्या असतात आणि माणूस एकच मारतो, कारण ती मारल्यावर काम होतं आणि काम झालं की माणूस लॉगआऊट करतो. मी तेच केलं होतं.

डेबियन आणि उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांत याच कामाला "अपडेट-आरसी.डी". त्यात एक खड्डा होता ज्यात मी दोनदा पडलोय. एखादी सर्व्हिस नको असेल तर सरळ वाटतं की तिच्या सगळ्या लिंका काढून टाकू, "रिमूव्ह". काढल्या. महिन्याने पॅकेजचं अपडेट आलं आणि सर्व्हिस परत हजर. कारण पॅकेज बघतं की एकही लिंक नाही, म्हणजे हे पहिल्यांदाच बसतंय, मग ते नव्याने सगळ्या लिंका लावतं. त्याला कसं कळणार की तुम्ही मुद्दाम काढल्या होत्या? तेव्हा लिंक काढायची नाही, एस चा के करायचा, म्हणजे पॅकेजला दिसतं की मालकाने इथे काहीतरी ठरवलंय आणि ते हात लावत नाही. "डिसेबल" म्हटलं की हेच होतं.

ही सगळी जुनी पद्धत समजायला सोपी पण तिच्यात एक दुखणं होतं, आपल्याकडच्या पंगतीसारखं. एकच वाढपी आहे असं समजा. आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर, मग भाजी, ठरलेला क्रम. कोशिंबीर किचनमधून यायला वेळ लागला तर भाजी तयार असून पण थांबून, आणि सगळी पंगत हात वर करून बसलेली. एस१० वर नेटवर्क आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) मिळायची वाट बघत बसलं की एस१२ पासून एस९९ पर्यंत सगळे मागे रांगेत, मग त्यांचा नेटवर्कशी संबंध असो नाहीतर नसो. उबंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीत अपस्टार्ट नावाचा नवा इनिट आणून यावर उपाय करायचा प्रयत्न केला, तो काही वर्षं चालला. मग २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी इनिटच्या जागी सिस्टमडी आणलं, २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ते बसलं, २०१४ मध्ये रेडहॅट ७ मध्ये आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ मध्ये. त्यावरून जी भांडणं झाली ती वाचायची तर एक रविवार बाजूला काढा, डेबियनमधून तर काही जण फुटून देवुआन नावाचं वेगळं घर करून राहिले. मला स्वतःला सिस्टमडी आवडतं, पण बाजू घेत नाही.

सिस्टमडीत अनेक वाढपी एकदम पंगतीत शिरतात. मीठवाल्याला कोशिंबीरवाल्याशी घेणंदेणं नाही, दोघं एकदमच. थांबायचं फक्त ज्याला खरंच कोणाची तरी गरज आहे त्याने. उदाहरणार्थ तूप. तूप वाढायचं तर पानात वरणभात पाहिजे, ही झाली "रिक्वायर्स". आणि तूप वरणभाताच्या नंतरच वाढायचं, ही झाली "आफ्टर". सर्व्हिसच्या फाईलमधल्या या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि इथे भलेभले फसतात. नुसती रिक्वायर्स लिहिली आणि आफ्टर विसरलात तर सिस्टमडी वरणभातवाला आणि तूपवाला दोघांना एकदमच सोडतं आणि तूपवाला मोकळ्या पानावर तूप ओतून पुढे जातो. उलट नुसती आफ्टर लिहिली तर वरणभात असला तर त्याच्यानंतर येईन, नसला तर असाच येईन. तिसरी एक मवाळ ओळ असते "वॉन्ट्स", म्हणजे वरणभात बोलव, पण तो आला नाही तरी माझं अडत नाही.

रनलेव्हलच्या जागी इथे टार्गेट आले. नंबर जाऊन नावं आली. ३ च्या जागी "मल्टी-युजर.टार्गेट", ५ च्या जागी "ग्राफिकल.टार्गेट", १ च्या जागी "रेस्क्यू.टार्गेट", ० आणि ६ ला "पॉवरऑफ" आणि "रीबूट". जुन्या लोकांची सवय मोडू नये म्हणून "रनलेव्हल३.टार्गेट" अशी टोपणनावं पण ठेवली होती (२०२५ मधल्या सिस्टमडी २५८ पासून ती काढलीत), पण २, ३ आणि ४ तिन्ही एकाच मल्टी-युजरकडे जायची, म्हणजे फक्त ३ मध्ये लाव आणि २ मध्ये नको असली नाटकं आता चालत नाहीत. आणि गंमत बघा, मघाशी म्हटलं ना जिन्यासारखं नाही, तर इथे ते खरंच जिन्यासारखं झालंय, ग्राफिकल टार्गेटला मल्टी-युजर लागतोच, त्याच्यावरच तो उभा. म्हणून मल्टी-युजरला लावलेली सर्व्हिस दोन्हीकडे उठते, पण फक्त ग्राफिकलला लावलेली सर्व्हिस काळ्या स्क्रीनच्या सर्व्हरवर उठत नाही, एनेबल्ड दिसत असली तरी.

सिस्टमडीशी बोलायची कमांड म्हणजे सिस्टमसीटीएल. आत्ता मशीन कुठे उठतं ते बघायला "सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट", बदलायला "सेट-डिफॉल्ट". कोणीतरी सर्व्हरवर डेस्कटॉपसकट लिनक्स टाकून ठेवलेलं असतं, मॉनिटर तर जोडलेला नसतो, मग ती ग्राफिकल स्क्रीन कोणासाठी रॅम खातीये? मल्टी-युजर करून टाका, लागलं तर परत फिरवता येतं. लगेच बदलायचं तर "आयसोलेट", पण ते जरा जपून, कारण नव्या टार्गेटमध्ये जे बसत नाही ते सगळं ते तिथल्या तिथे बंद करतं, तुमची डेस्कटॉपवर उघडी ठेवलेली फाईल पण.

आणि लिंकेचं काय? लिंक आहेच. "सिस्टमसीटीएल एनेबल" मारलं की स्क्रीनवर तो स्वतःच सांगतो, "क्रिएटेड सिमलिंक", आणि पुढे कुठून कुठे ते. सर्व्हिसची मूळ युनिट फाईल (रिक्वायर्स, आफ्टर या ओळी असतात ती) "यूएसआर" खालच्या सिस्टमडीच्या फोल्डरमध्ये, आणि लिंक "ईटीसी" खाली "मल्टी-युजर.टार्गेट.वॉन्ट्स" नावाच्या फोल्डरमध्ये. जुना आरसी३.डी आठवा, तोच हा, फक्त एस, के आणि नंबर गेले, क्रम आता फाईलच्या आतल्या आफ्टरवरून ठरतो. कुठल्या टार्गेटच्या फोल्डरमध्ये लिंक ठेवायची हे युनिट फाईलच्या शेवटी "इन्स्टॉल" या भागात "वॉन्टेडबाय" म्हणून लिहिलेलं असतं. कधीकधी यादीत "एनेबल्ड" पण नाही आणि "डिसेबल्ड" पण नाही, "स्टॅटिक" असं दिसतं. म्हणजे त्या फाईलला तो इन्स्टॉल भागच नाही, ती स्वतःहून बूटला उठत नाही, दुसऱ्या कोणाला लागली तर तो तिला उठवतो. तिला एनेबल करायच्या मागे लागू नका.

एनेबल म्हणजे लिंक, स्टार्ट म्हणजे आत्ता चालू, जुनंच. पण इथे "एनेबल डॅश डॅश नाऊ" अशी सोय दिलीय, दोन्ही एकदम. ही सोय तेव्हा असती तर माझा शुक्रवार वाचला असता असं म्हणणार होतो, पण सेंटओएस ६ वर सिस्टमडी नव्हतंच, त्यामुळे नसता वाचला.

आता घराण्याघराण्यातला फरक जो पुस्तकात पटकन सापडत नाही. उबंटू आणि डेबियनवर एखादा सर्व्हर पॅकेज टाकला की तो बहुतेक वेळा लगेच चालू पण होतो आणि एनेबल पण होतो. रेडहॅटकडे उलट, टाकलं तरी तो गप्प बसून राहतो, तुम्ही एनेबल कराल तेव्हाच. उबंटूवर शिकलेला माणूस रेडहॅटच्या मशीनवर गेला की माझ्यासारखा होतो, आणि उलटा प्रवास करणाऱ्याला महिन्याभराने कळतं की मशीनवर त्याने नुसती बघायला म्हणून टाकलेली चार सॉफ्टवेअर पोर्ट उघडून बसलीयेत.

डिसेबल केलं तरी सर्व्हिस उठते ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते. भूत नाहीये ते. डिसेबल म्हणजे फक्त तुमच्या टार्गेटच्या फोल्डरमधली लिंक काढली. दुसऱ्या एखाद्या युनिटने तिला वॉन्ट्स किंवा रिक्वायर्सने बोलावलं तर ती येणारच. दुसरं कारण सॉकेट. प्रिंटिंगची कप्स सर्व्हिस घ्या, तिच्या दारात "कप्स.सॉकेट" नावाचा वॉचमन बसलेला असतो, आत सर्व्हिस झोपलेली, कोणी प्रिंट पाठवला की वॉचमन तिला उठवतो. डॉकरचं पण तसंच, डॉकर (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सर्व्हिस) थांबवलं की सिस्टमसीटीएलच इशारा देतं की डॉकर.सॉकेटमुळे ते परत उठू शकतं. तर नुसती सर्व्हिस डिसेबल करून भागत नाही, सॉकेट पण करावा लागतो. आणि कोणीही काहीही केलं तरी उठूच नये असं पाहिजे असेल तर "मास्क". मास्क म्हणजे त्या नावाची लिंक थेट "डेव्ह/नल"कडे, म्हणजे आडात, नेऊन लावायची. मग हाताने स्टार्ट म्हटलं तरी उठत नाही. मास्क करताना पण डॅश डॅश नाऊ लावलं नाही तर चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाताने चालू केली की चालते, बूटला मात्र फेल जाते, ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा नेटवर्क. समजा वेब सर्व्हरला सांगितलंय की अमुक एका आयपीवरच बस. बूटला तो उठतो तेव्हा मशीनला तो आयपी अजून मिळालेलाच नसतो, मग हा पत्ता मला घेता येत नाही म्हणून तो मरतो. पाच मिनिटांनी तुम्ही हाताने चालू करता तेव्हा आयपी आलेला असतो, सगळं गोड. युनिट फाईल बघाल तर आफ्टर मध्ये "नेटवर्क.टार्गेट" लिहिलेलं असतं आणि वाटतं की हे बरोबर आहे की. पण नेटवर्क.टार्गेट म्हणजे नेटवर्क सांभाळणारा कामावर आला एवढंच, आयपी मिळाला असं त्यात कुठेही नाही. त्यासाठी "नेटवर्क-ऑनलाईन.टार्गेट", आणि तो वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्हीत लिहायचा. आणि मूळ फाईलमध्ये खरडू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते, "सिस्टमसीटीएल एडिट" म्हणा, ते ईटीसीखाली तुमची वेगळी पुरवणी करून ठेवतं.

याचीच दुसरी बाजू. लोक "सिस्टमडी-अनालाईझ ब्लेम" मारतात, बूटला कोणी किती सेकंद घेतले त्याची यादी येते, सगळ्यात वर "नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाईन" दिसतं आणि लगेच ते डिसेबल. ते बिचारं काम काही करत नाही, नेटवर्क येईपर्यंत वाट बघणं हेच त्याचं काम. लॅपटॉपवर काढलंत तर काही बिघडत नाही, पण ज्या सर्व्हरवर वर सांगितल्यासारखी आयपीला अडलेली सर्व्हिस आहे तिथे काढलंत तर मगाचचा आजार परत. कोण कोणासाठी थांबलं हे बघायचं तर "क्रिटिकल-चेन" जास्त खरं बोलतं.

काय बंद करायचं? सर्व्हरवर ब्लूटूथ, मोडेममॅनेजर, अवाही, ग्राफिकल लॉगिन हे बिनधास्त. काय करू नये? डीबस, लॉगिनडी, जर्नल यांना हात लावू नका, नाव ओळखीचं नाही म्हणून फालतू आहे असं होत नाही. आणि मशीन दूर असेल तर नेटवर्क आणि एसएसएचची लिंक रीस्टार्टच्या आधी दोनदा बघा. रीस्टार्ट मारला, पिंग गेला आणि परत आलाच नाही, ही जी दोनतीन मिनिटं असतात त्यात माणूस देवाधर्माला लागतो.

अडकलातच तर ग्रब आहे. मशीनसमोर बसून ग्रबच्या मेनूत ई दाबायचं, "लिनक्स"ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ लिहायचं, म्हणजे त्या एका बूटपुरतं ग्राफिकलशिवाय उठतं, बहुतेक मशीनवरच्या सिस्टमडीला हे जुने नंबर कळतात. नाहीतर "सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट". त्याने पण नाही झालं तर "इमर्जन्सी.टार्गेट", तिथे जवळपास काहीच उठत नाही, नुसता रूटचा शेल. बदल कायमचा नसतो, पुढच्या बूटला जैसे थे.

आता भोसरीचं. सेंटओएस ६ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२० मध्ये संपला, मग तिथे उबंटू टाकलं. नव्या मशीनवर मी फारच हुशारी केली, सगळ्या सर्व्हिस एकेक तपासल्या, डेटाबेस एनेबल्ड, वेब सर्व्हर एनेबल्ड, रीस्टार्ट करून पण बघितला, "सिस्टमसीटीएल डॅश डॅश फेल्ड" म्हटलं तर शून्य. मग घरी जाता जाता कप्स दिसलं. म्हटलं सर्व्हरला प्रिंटर कशाला, मास्क करून टाकलं, सर्व्हिस, सॉकेट आणि पाथ (एका फाईलवर नजर ठेवणारा दुसरा वॉचमन) तिन्ही. नाऊ लावलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार काही तक्रार नाही. गुरुवारी लाईट गेली.

शुक्रवारी चलनं फटाफट निघाली, मी खूश. अकराला अकाउंटवाल्या काकांचा फोन, "अरे, प्रिंट येत नाहीये लेजरची, मी कधीचा बटण दाबतोय." तेव्हा कळलं की त्यांच्या खोलीतला प्रिंटर भिंतीपलीकडून यूएसबीने सर्व्हरलाच जोडलेला आहे आणि आठवडाभर त्यांचे प्रिंट चालत होते कारण कप्स मास्क होऊन पण आत चालूच होतं. तिन्ही अनमास्क केले, एनेबल केले, यावेळी नाऊ लावून. फोनवर प्रिंटर घरघरल्याचा आवाज आला, मग काका म्हणाले, "आलं रे." मग जरा थांबून, "अजून येतंय." एकच लेजर अकरा वेळा निघालं.